टोलचा हिशोब हवा असेल तर फास्टॅग चालू ठेवा

प्रति,
मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेले काही दिवस तुमच्या वाचकांच्या पत्रांत टोलबद्दल बरंच छापून येतंय. बहुतेक पत्रांत सुरुवात खड्ड्यांपासून होते, मग टोलचे दर येतात आणि शेवटी "फास्टॅगची सक्ती कशाला" असा सूर लागतो. खड्ड्यांबद्दल जे लिहिलंय ते अगदी खरं आहे, पुणे-सातारा रस्त्यावरून जो नेहमी जातो त्याला वेगळं सांगायची गरजच नाही. पण तो राग फास्टॅगवर, म्हणजे टोल आपोआप कापून देणाऱ्या काचेवरच्या टॅगवर, काढण्यात नुकसान आपलंच आहे असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे पत्र लिहितोय. थोडं मोठं झालंय, सांभाळून घ्या.

आम्ही कराडचे. गूळ आणि भुसार मालाचा घरचा व्यापार आहे, आमचे टेम्पो पुण्याच्या मार्केटयार्डात जातात. कराडहून पुण्याला जायचं तर तासवडे, आनेवाडी आणि खेड शिवापूर असे तीन नाके लागतात, कोल्हापूरकडे गेलं तर किणी. म्हणजे टोल हा आमच्या धंद्यातला डिझेलच्या खालोखालचा खर्च आहे आणि रोखीचे दिवस आणि फास्टॅगचे दिवस असे दोन्ही मी जवळून बघितलेत.

रोखीच्या दिवसांत ड्रायव्हर निघताना त्याच्या हातात टोलचे पैसे वेगळे द्यायचे, त्यातही सुट्टे बघून द्यायचे, कारण नाक्यावर पाचशेची नोट दिली की आतला माणूस तोंड वाकडं करणार आणि पाच-दहा रुपयांच्या जागी हातावर चॉकलेट ठेवणार. परत आल्यावर ड्रायव्हर रबर लावलेली पावत्यांची गड्डी आणून द्यायचा. ती पावती थर्मल कागदाची, डॅशबोर्डवर उन्हात राहिली की अक्षरं उडून जायची, कोरा कागदच हातात यायचा. आता कोऱ्या कागदावर हिशोब काय लावणार? ड्रायव्हर म्हणतो मी भरले, मालक म्हणतो दाखव, आणि दोघंही प्रामाणिक असले तरी मनात अढी बसते ती बसतेच. आज टेम्पो तासवड्याच्या नाक्यातून बाहेर पडतो न पडतो तोच माझ्या मोबाईलवर मेसेज येतो, कुठला नाका, किती वाजता, किती रुपये. महिनाअखेरीला बँकेचं स्टेटमेंट काढलं की झालं, आमचे सीए पण खूश आणि ड्रायव्हरच्या मागची कटकट पण गेली.

पण मला जे मुख्य सांगायचंय ते ह्याच्या पुढचं आहे.

महाराष्ट्रात टोलबद्दल लोकांचा जो संशय आहे तो काय आहे? रस्त्याचा खर्च कधीच वसूल झाला, रोज किती गाड्या जातात ते खरं सांगत नाहीत, जमलेला पैसा जातो कुठे, हाच ना? कोल्हापूरकरांनी शहरातला टोल रस्त्यावर उतरून घालवला, २०१५ मध्ये राज्य सरकारने १२ नाके बंद केले आणि ५३ नाक्यांवर छोट्या गाड्यांना आणि एसटीला सूट दिली, हे सगळं लोकांनी हिशोब मागितला म्हणून झालं. मग ज्याला हिशोब हवाय त्याने रोखीने टोल भरावा हे मला समजतच नाही. रोख रकमेचा हिशोब तोच ठेवतो जो ती गोळा करतो. टॅगचा व्यवहार मात्र टॅग देणारी बँक, नाक्याची बँक आणि मध्ये बँकांमधले व्यवहार जुळवणारी नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन अशा तीन ठिकाणी नोंदला जातो, वर तुमच्या मोबाईलवर मेसेज येतो तो वेगळाच.

ह्याचं जिवंत उदाहरण म्हणजे उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरचा प्रकार. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या अत्रैला शिव गुलाम टोलनाक्यावर एसटीएफने (पोलिसांच्या विशेष पथकाने) धाड टाकली आणि काय सापडलं, तर नाक्याच्या कॉम्प्युटरमध्ये एक वेगळंच सॉफ्टवेअर घातलेलं होतं. फास्टॅग नसलेल्या किंवा बंद असलेल्या गाड्यांकडून दुप्पट टोल घ्यायचा, पावती द्यायची आणि ते पैसे खऱ्या हिशोबात दाखवायचेच नाहीत. पुढे मार्चमध्ये राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने टोल वसूल करणाऱ्या १४ कंपन्यांवर दोन वर्षांची बंदी घातली. आता ह्यात बारकाईने बघा, चोरी झाली ती टॅगवाल्या गाड्यांच्या पैशात नाही, रोखीवाल्यांच्या पैशात झाली. त्या लोकांनी टोल भरला दुप्पट आणि तो रस्त्याच्या खात्यावर पोचलाच नाही. हे वाचल्यापासून मी भेटेल त्याला सांगतो, बाबा रे टोलवर तुझा राग असेल तर असू दे, पण पैसे रोखीने देऊ नको.

बरं, वेळेचं तर बोलायलाच नको. केंद्र सरकारने स्वतः सांगितलेले आकडे आहेत, २०१८-१९ मध्ये नाक्यावर सरासरी ८ मिनिटं थांबावं लागायचं, फास्टॅग आल्यावर २०२०-२१ मध्ये ते ४७ सेकंदांवर आलं. ज्यांनी दिवाळीच्या आधीच्या शनिवारी खेड शिवापूरला जुन्या काळात तासभर काढलाय त्यांना सरासरी आठ मिनिटं पण कमीच वाटतील. तिथे गाडी चालू ठेवून जाळलेलं डिझेल, तो धूर, मागे बसलेली म्हातारी माणसं, रडणारी पोरं, हे सगळं आपण विसरलोय इतक्यातच.

आणि आजही जी रांग लागते ती बहुतेक वेळा एका गाडीमुळे लागते. हे मी नेहमी बघतो. रविवारची संध्याकाळ, सगळे पुण्याकडे परतणारे, लेन पटापट हलत असते आणि मध्येच एक गाडी अडते. काचेवर टॅग नाही. मग मागच्या सीटवरचा मुलगा कप्प्यातून टॅग काढून आतून काचेला दाबून धरतो, वरचा रीडर काही वाचत नाही, मग नाक्यावरचा पोरगा हातातलं मशीन घेऊन पळत येतो, ते मशीन टॅग ब्लॅकलिस्ट, म्हणजे बंद केलेला, दाखवतं, गाडीवाला म्हणतो कालच पाचशे टाकलेत, मोबाईल काढून दाखवतो, बँकेला फोन लावतो, तिकडून एक दाबा दोन दाबा चालू. मागे हॉर्नचा कालवा, एसटीत उभी राहिलेली माणसं खिडकीतून वाकून बघतायत आणि मागे घ्यायला कुणालाच जागा नाही. शेवटी तो चिडून दुप्पट पैसे देतो आणि जाता जाता फास्टॅगला शिव्या घालतो. टॅग काचेला चिकटवलेला असता आणि कागदपत्रं पूर्ण असती तर ह्यातलं काहीच झालं नसतं.

टॅग हातात धरायची सवय पहिली सोडा. टॅगमध्ये बॅटरी नसते, वरच्या रीडरच्या लहरींवरच तो उत्तर देतो, त्यामुळे तो समोरच्या काचेला आतून, मधोमध वरच्या बाजूला आरशामागे नीट चिकटलेलाच पाहिजे. एकच टॅग दोन गाड्यांत फिरवायचा हा प्रकार तर आता चालतच नाही, एका गाडीला एकच टॅग असा नियम आहे. टॅग काचेवर लावलेला नसेल तर दुप्पट टोल घ्यायच्या सूचना २०२४ मध्येच निघाल्यात आणि २०२५ पासून असे सुटे टॅग सरळ ब्लॅकलिस्ट करायला सांगितलंय.

पैसे असूनही टॅग बंद का पडतो हे पण लोकांना माहीत नसतं. केवायसी अर्धवट राहिलेली असते, किंवा नवीन गाडी घेताना शोरूमने चेसिस नंबरवर टॅग दिलेला असतो आणि गाडीला नंबर मिळाल्यावर तो टॅगला जोडायचा राहून जातो. १ डिसेंबर २०१७ नंतर विकलेल्या प्रत्येक नव्या चारचाकीला टॅग लावूनच मिळतो, त्यामुळे मालकाला वाटतं आपलं काम झालं, पण गाडीचा नंबर ठराविक मुदतीत टॅगवर चढवावा लागतो, नाहीतर एक दिवस नाक्यावर अडचण होते. जुनी गाडी विकलीत तर तिचा टॅग आधी बंद करा, कित्येक जणांच्या खात्यातून दुसऱ्याच्या फिरण्याचा टोल कापला जातोय. आणि बँकेत दिलेला मोबाईल नंबर बदलला असेल तर तो आधी सांगा, मेसेज येतात ते त्याच नंबरवर.

रिचार्ज नाक्यावर पोचल्यावर करू नका, आदल्या दिवशी करा, कारण पैसे भरले तरी टॅग परत चालू दाखवायला कधी कधी वेळ लागतो. त्यापेक्षा ऑटो रिचार्ज लावून ठेवलेलं बरं, बॅलन्स ठरवलेल्या रकमेच्या खाली गेला की बँक आपोआप भरते. रिझर्व्ह बँकेने २०२४ मध्ये ह्यासाठी दर वेळच्या आगाऊ सूचनेची अट पण काढून टाकली.

आता पैशाचं बघू, कारण शेवटी आपण सगळे तेच बघतो. राष्ट्रीय महामार्गावर १५ नोव्हेंबर २०२५ पासून असा नियम लागू झाला की चालू टॅगला समजा टोल १०० रुपये असेल, तर टॅग नसेल किंवा बंद असेल आणि यूपीआयने दिला तर १२५ आणि रोख दिला तर २००. राज्य सरकारच्या रस्त्यांवर १ एप्रिल २०२५ पासून टॅग सक्तीचा झालाय, तिथे टॅग नाही म्हणजे दुप्पट. मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेचा कारचा टोल १ एप्रिल २०२३ पासून ३२० रुपये झाला, बिनटॅगच्या गाडीला तोच ६४० पडतो. तेवढ्या जादाच्या पैशात घरच्या चार माणसांचा लोणावळ्याला नाश्ता होतो. सक्तीविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात याचिका पण झाली होती, मार्च २०२५ मध्ये कोर्टाने ती याचिका फेटाळली, त्यामुळे तो विषय आता तिथे संपलाय.

सवलती पण टॅगलाच आहेत हे फार थोड्या लोकांना माहीत असतं. राष्ट्रीय महामार्गाच्या नाक्यावरून गेलात आणि २४ तासांच्या आत परत आलात तर जाऊन-येऊन मिळून एकेरी टोलच्या दीडपट लागतो, दुप्पट नाही. पूर्वी त्यासाठी जाताना रिटर्नची पावती मागून घ्यावी लागायची आणि ती जपून ठेवावी लागायची, आता परतीला अर्धेच पैसे आपोआप कापले जातात. ऑगस्ट २०२० पासून ही सूट फक्त टॅगवाल्यांनाच आहे. नाक्यापासून २० किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना खासगी गाडीसाठी महिन्याचा पास मिळतो, २०२५-२६ साठी तो ३५० रुपये होता. आमच्या उंब्रज, मसूर, इंदोलीच्या लोकांनी जवळच्या नाक्यावर जाऊन आपलं गाव अंतरात बसतं का ते विचारून हा पास काढावा, रोज भांडण्यापेक्षा ते बरं.

आणि वार्षिक पास. १५ ऑगस्ट २०२५ ला सुरू झाला तेव्हा किंमत ३००० रुपये, त्यात २०० फेऱ्या किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते. म्हणजे नाक्यामागे १५ रुपये पडले! कराड ते पुणे जाऊन-येऊन सहा वेळा नाका ओलांडावा लागतो, तर अशा तेहतीस खेपा त्यात होतात. ज्यांची मुलं पुण्यात शिकायला किंवा नोकरीला आहेत त्यांनी डोळे झाकून काढावा. नवीन टॅग लागत नाही, असलेल्या टॅगवरच महामार्ग प्राधिकरणाच्या राजमार्गयात्रा ॲपमधून चालू होतो, फक्त टॅगवर गाडीचा पूर्ण नंबर चढवलेला हवा, नुसता चेसिस नंबर चालत नाही. पण दोन गोष्टी नीट लक्षात ठेवा. एक म्हणजे हा पास फक्त खासगी कार, जीप, व्हॅनला आहे, आमच्या टेम्पोला किंवा टुरिस्ट गाडीला नाही (तो मालवाहतूक करणाऱ्या छोट्या माणसालाही कुठल्यातरी रूपात मिळायला हवा अशी माझी मागणी आहे). दुसरं म्हणजे तो राष्ट्रीय महामार्गावरच चालतो. मुंबई-पुणे एक्स्प्रेस वे, समृद्धी, अटल सेतू हे राज्याचे रस्ते आहेत, तिथे पास चालत नाही, नेहमीसारखे पैसे कापले जातात. लोक पास काढतात, आता रिचार्जची गरज नाही समजून बॅलन्स शून्यावर आणतात आणि मग एक्स्प्रेस वेवर अडकतात. पास असला तरी टॅगमध्ये पैसे ठेवाच.

आता एक नियम सांगतो जो प्रत्येकाने पाठ करून ठेवावा. तुमचा टॅग चालू आहे, त्यात पुरेसे पैसे आहेत आणि तरीही नाक्याच्या मशीनमध्ये बिघाड असल्यामुळे तो वाचता येत नसेल, तर तुमच्याकडून एक रुपया पण घेता येत नाही. गाडी फुकट सोडायची आणि शून्य रुपयांची पावती द्यायची, असा नियम मे २०१८ पासून केंद्र सरकारच्या अधिसूचनेत आहे. नाक्यावर "साहेब मशीन बंद आहे, कॅश द्या" म्हटलं की आपण निमूटपणे देतो, देऊ नका. मोबाईलवर बॅलन्स आणि टॅग चालू असल्याचं दाखवा आणि शांतपणे शून्याची पावती मागा. नाही ऐकलं तर १०३३ ह्या महामार्ग हेल्पलाइनला तिथूनच फोन लावा. आवाज चढवायची, बूथमधल्या पोराला शिवीगाळ करायची गरज नाही, तो बिचारा बारा-बारा तास धुरात बसलेला असतो, नियम त्याने केलेला नाही.

चुकीचे पैसे कापले जातात ही तक्रार खरी आहे. आमचा टेम्पो गोडाऊनला उभा असताना टोल कापल्याचा मेसेज आला होता, असं होतं ते कुणीतरी नाक्यावर हाताने नंबर टाकताना चुकल्यामुळे. बँकेकडे तक्रार केली, पाठपुरावा करावा लागला, त्रास झाला, पण पैसे परत मिळाले. अशा प्रत्येक चुकीला वसुली करणाऱ्या कंपनीला १ लाख रुपये दंड करायला प्राधिकरणाने सुरुवात केली आहे, म्हणून रक्कम लहान आहे म्हणून सोडून देऊ नका, तक्रार नोंदवाच. रोखीत कुणी दहा रुपये जादा घेतले असते तर मला कधी कळलं पण नसतं.

व्हॉट्सॲपवर तो एक व्हिडिओ अजून फिरतोय, सिग्नलला काच पुसणारा मुलगा मनगटावरच्या घड्याळाने टॅग स्कॅन करून पैसे काढतो म्हणे. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त गुरुजींनी तो बघून गाडीचा टॅग खरवडून काढला होता. तो व्हिडिओ खोटा आहे हे २०२२ मध्येच नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने जाहीर केलंय, टॅगमधून पैसे फक्त नोंदणी झालेल्या नाक्यासारख्या ठिकाणीच जातात, कुणा माणसाच्या खात्यात जाऊच शकत नाहीत. खरी फसवणूक होते ती खोट्या लिंकवर. केवायसी करा, वार्षिक पास स्वस्तात मिळेल असे मेसेज येतात, त्यावर बोट लावू नका. बँकेचं स्वतःचं ॲप आणि राजमार्गयात्रा, बस.

गावाकडे एक वर्ग असा आहे ज्यांची गाडी वर्षातून चार वेळा हायवेवर येते, लग्नाला, दवाखान्याला, पंढरपूर-तुळजापूरला. त्यांना वाटतं आपल्याला कशाला टॅग. त्यांच्याकडे साधा फोन असतो, बँकेच्या ॲपची भीती वाटते, आणि दुप्पट टोलचा फटका सगळ्यात जास्त ह्याच लोकांना बसतो. घरातल्या तरुण पोरांनी हे काम अंगावर घ्यावं. आरसी आणि ओळखपत्र घेऊन बँकेत किंवा नाक्याजवळच्या काउंटरवर टॅग मिळतो, रिचार्ज तर पुण्यात बसलेला मुलगा पण करू शकतो. दवाखान्याला पेशंट घेऊन निघालेल्या माणसाला नाक्यावर दुप्पट पैसे मोजत थांबायला लागणं हे बघवत नाही हो.

पुढे तर नाक्याचा दांडाच राहणार नाही. गुजरातमधल्या चोर्यासी आणि हरियाणातल्या घरौंडा नाक्यासाठी २०२५ मध्ये करार झालेत, वर कमानीला कॅमेरे आणि रीडर, गाडी न थांबता खालून जाणार आणि ज्याचा टॅग चालत नसेल त्याला घरी नोटीस येणार. आपल्याकडे ते येईल तेव्हा येईल, पण टॅगची कागदपत्रं आजच नीट केलेली बरी, तेव्हा समजावून सांगायला बूथमध्ये माणूस पण नसणार.

प्राधिकरणाला आणि रस्ते विकास महामंडळालाही माझं सांगणं आहे. लोकांनी टॅग लावावा असं वाटत असेल तर नुसता दंड वाढवून भागत नाही. शून्य रुपयांच्या पावतीचा नियम, २४ तासांची सूट आणि स्थानिक पास ह्या तीन गोष्टी प्रत्येक बूथच्या काचेवर मोठ्या मराठी अक्षरांत लावा, दर लिहिलेल्या बोर्डावरच्या मुंगीएवढ्या अक्षरांत नको. नाक्याच्या अलीकडे, रांग सुरू व्हायच्या आधी, एक टेबल टाका जिथे टॅग चालू आहे का ते बघता येईल आणि केवायसी तिथल्या तिथे होईल. रोज किती गाड्या गेल्या आणि किती पैसे जमा झाले ह्याचा आकडा नाक्यावरच्या फलकावर रोजच्या रोज लावा. सगळा व्यवहार कॉम्प्युटरवरच आहे तर हे करायला अडचण कसली?

संपादक साहेब, तुमच्या पेपरात आठवड्यातून एकदा छोटी चौकट देता आली तर बघा, त्यात टॅगबद्दलच्या वाचकांच्या अडचणी आणि त्यांची उत्तरं. आणि हे पत्र जागेअभावी कापावं लागलं तर कापा, पण शून्याच्या पावतीचा परिच्छेद आणि १०३३ हा नंबर तेवढा ठेवा.

आपला,
एक नियमित वाचक, कराड